दात, सिद्ध आणि हत्ती

शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०. छत्तीस वर्षांच्या भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त विद्यार्थ्यांना एक प्रश्न घातला. एका वर्गात दहा रूपे आहेत, आणि त्यांच्या जोडीला दात, सिद्ध व हत्ती एवढ्या तीन करण्या आहेत. तर त्याचे मूळ सांगा.

दात बत्तीस, सिद्ध चोवीस आणि आठ दिशा सांभाळणारे हत्ती आठ. श्लोकात आकडे बसवण्याची ही जुनी सोय. रूप म्हणजे साधी संख्या. करणी म्हणजे जिचे वर्गमूळ घ्यायचे आहे, पण ते नेमके निघत नाही अशी संख्या. नववीच्या पुस्तकात आजही तिला करणीच म्हणतात. आजच्या चिन्हांत प्रश्न असा होईल: √(१० + √३२ + √२४ + √८) ला सरळ रूप द्या.

प्रश्न विचारताना आचार्य समोरच्याला ‘विद्वान’ म्हणून साद घालतात. ती साद खोचक असावी असा मला संशय आहे. कारण त्या काळी रूढ असलेल्या रीतीने या प्रश्नाचे उत्तर निघते, आणि ते चूक असते. आचार्यांना हे ठाऊक होते. त्यासाठीच त्यांनी प्रश्न रचला होता.

करणीची गोष्ट मात्र त्यांच्या कितीतरी आधी, यज्ञवेदीच्या दोरीपाशी सुरू होते. शुल्बसूत्रांत वेदी आखण्याचे नियम आहेत, आणि तिथे पुनःपुन्हा एक गरज उभी राहते: आहे त्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा, तिप्पट क्षेत्रफळाचा हवा. दुप्पट चौरसाची बाजू ती द्विकरणी, तिप्पट चौरसाची ती त्रिकरणी. द्विकरणी काढायला पहिल्या चौरसाच्या कर्णावर दोरी ताणली की झाले. पण तिची लांबी आकड्यात सांगायची वेळ आली की दोरी कामाला येत नाही. बौधायनाने रीत दिली: मूळ बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर ५७७/४०८ येतात, म्हणजे १.४१४२१५६. √२ ची खरी किंमत १.४१४२१३५… अशी जाते. पहिली पाच दशांश स्थळे जुळतात. वेदीच्या विटा रचायला याहून बारीक माप कोणाला लागणार होते?

दोरीचे काम संपल्यावरही करणी गणितात उरली, पण तिचा स्वभाव बदलला. मोजायची लांबी होती ती मांडायची संख्या झाली. हा बदल ठळकपणे दिसतो तो ब्रह्मगुप्तापाशी. भिल्लमाळ, म्हणजे आजच्या राजस्थानातले भीनमाळ, हे त्याचे गाव. इ. स. ६२८ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात करण्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ यांचे नियम येतात. करणी किती लांब आहे हे तिथे कोणी विचारत नाही. √२ आणि √८ एकत्र आल्या तर त्यांचे काय करायचे, एवढाच प्रश्न. संख्येची किंमत न काढता तिच्याशी व्यवहार करायचा, ही मोठी उडी होती, आणि ब्रह्मगुप्ताने ती काही ओळींत मारली. त्याची शैली कमालीची आटोपशीर. इतकी, की पुढे एका ठिकाणी ती महागात पडली.

पुढची पाच शतके करणीची विद्या चालू राहिली. श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते तेव्हा प्रसिद्ध होती. आज ती दोन्ही हरवलेली आहेत. भास्कराचार्य ग्रंथाच्या शेवटी सांगतात, की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणिते फार विस्तृत होती, म्हणून त्यांतले सार आपण काढले. त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. यांतल्या लीलावतीला भाग्य लाभले. तिच्याभोवती मुलीची, मुहूर्त हुकलेल्या लग्नाची दंतकथा गुंफली गेली आणि ती मराठी घरांत नावाने ओळखली जाऊ लागली. बीजगणिताच्या वाट्याला कथा आली नाही. खरे तर त्यातले करणीचे प्रकरण एखाद्या कथेइतकेच रंगतदार आहे.

प्रकरणाचे नाव करणीषड्विध, म्हणजे करणीवरच्या सहा क्रिया. सुरुवात बेरजेने होते. दोन करण्या घ्या. त्यांची साधी बेरीज ती ‘महती’. त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट ती ‘लघु’. महतीत लघु मिळवली की बेरजेची करणी, वजा केली की वजाबाकीची. २ आणि ८ घेतले तर महती १०. गुणाकार १६, मूळ ४, दुप्पट ८ ही लघु. १० आणि ८ मिळून १८, १० मधून ८ गेले २. म्हणजे √२ + √८ = √१८, आणि √८ − √२ = √२. दुसरे उदाहरण ३ आणि २७ चे: महती ३०, लघु १८, उत्तरे ४८ आणि १२. आज शाळेत आपण √८ चे २√२ करतो आणि मग २√२ मध्ये √२ मिळवून ३√२ म्हणतो. आचार्यांचा रस्ता वेगळा. त्यांना संख्या मुळाबाहेर काढायची नाही, सगळे मुळाच्या आतच ठेवायचे आहे. त्यांच्या दृष्टीने ३√२ पेक्षा √१८ हेच सरळ रूप. ‘सरळ’ कशाला म्हणायचे हेही रिवाजावर असते, हे मास्तरांनी मुलांना एकदा सांगायला हरकत नाही.

तिसरे उदाहरण ३ आणि ७ चे. गुणाकार २१, त्याला वर्गमूळ नाही. तेव्हा आचार्य म्हणतात, या दोघी वेगळ्याच राहू द्या. सजातीय आणि विजातीय करणी हा नववीतला भेद तो हाच. बेरीज होत नसेल तर करू नये, हे त्यांनी पहिल्याच नियमाशेजारी सांगून टाकले. पुढच्या सगळ्या प्रकरणाचा सूर इथे लागतो.

गुणाकाराच्या नियमात एक बारकावा आहे आणि त्यात आजही मुले फसतात. समजा पाच रूपे ऋण आहेत आणि ती करणीच्या रूपात न्यायची आहेत. ऋण पाचाचा वर्ग धन पंचवीस. पण ‘करणी २५’ असे लिहिले तर ते धन पाच झाले. ऋण कुठे गेले? म्हणून आचार्य बजावतात, की करणी करण्यासाठी ऋण रूपांचा वर्ग केला तर तो ऋणच मानायचा. पोथीत अशा संख्येच्या डोक्यावर एक बिंदू देत. बिंदू असलेले २५ म्हणजे आजच्या लिहिण्यात −√२५. याच ग्रंथात, थोडे आधी, ऋण संख्या हा कोणाचाच वर्ग नसल्याने तिला मूळ नसते असेही त्यांनी लिहिले आहे. दोन्ही विधाने एकत्र वाचली तर घोटाळा वाटतो, पण तसा तो नाही. बिंदू मुळाच्या आतल्या संख्येचा नव्हेच, तो अख्ख्या करणीचा आहे. चिन्हे तोकडी होती. विचार तोकडा नव्हता.

गुणाकाराचे त्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. √२ + √३ + √८ ने ५ + √३ ला गुणायचे. आचार्य आधी √२ आणि √८ ची √१८ करून घेतात, म्हणजे एक पद कमी झाले. मग उत्तर येते ३ + √४५० + √७५ + √५४. लगेच याच उत्तराला ते उलट √१८ + √३ ने भागायला सांगतात. भाजकातल्या एका करणीचे चिन्ह बदला, √१८ − √३ घ्या, आणि त्याने भाज्य व भाजक दोन्हींना गुणा. भाजक होतो १५, म्हणजे √२२५. भाज्य होते √५६२५ + √६७५. आता साधा भागाकार उरला: ५६२५ भागिले २२५ म्हणजे २५, ६७५ भागिले २२५ म्हणजे ३. उत्तर √२५ + √३, म्हणजे ५ + √३. जिथून निघालो तिथे परत. छेदाचे परिमेयीकरण आणि अनुबद्ध जोडी अशी भारदस्त नावे आज या युक्तीला आहेत. ती ब्रह्मगुप्ताच्या काळापासून इथे वापरात होती.

भास्कराचार्यांच्याच शतकात बगदादचा अस्-समवअल घातांकांशी झुंजत होता. ‘अल्-बाहिर’ हा ग्रंथ त्याने, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, एकोणिसाव्या वर्षी लिहिला. अज्ञाताचे घात एका ओळीत मांडून, एकाच्या दोन्ही बाजूंना वाढते आणि उतरते घात ठेवून, गुणाकारात किती घरे सरकायचे हे तो दाखवतो. घातांकांची बेरीज म्हणजे काय हे त्याला नेमके कळले होते. भास्कराचार्यांकडे असा तक्ता नाही. यावत्तावत्, कालक, नीलक या अज्ञातांची पहिली अक्षरे आणि त्यांपुढे वर्गाचा ‘व’ यांवर त्यांचे काम भागे. करणीतही त्यांनी वर्गमुळापुरतेच पाहिले, घनमुळाच्या करण्या या प्रकरणात नाहीत. मात्र वर्गमुळाच्या त्या लहानशा आवारात ते फार खोल खणतात.

ज्योतिषाला या सगळ्याची गरज होती का? थोडी होती. गोलाध्यायातल्या ज्योत्पत्तीत १८ आणि ३६ अंशांच्या ज्या, म्हणजे त्रिज्येने गुणलेले आजचे साइन, काढण्याची सूत्रे आहेत. त्रिज्येच्या वर्गाची पाचपट करा, तिच्या मुळातून त्रिज्या वजा करा, चाराने भागा: ही १८ अंशांची ज्या. ३६ अंशांच्या ज्येत तर मुळाच्या पोटात मूळ येते. त्रिज्या ३४३८ कला धरली तर १८ अंशांची ज्या सुमारे १०६२ भरते. पण पंचांग करणाऱ्याला शेवटी हा आकडाच हवा असतो. मूळ नेमके निघत नसेल तर संख्येला एखाद्या मोठ्या वर्गाने गुणायचे, जवळचे मूळ घ्यायचे, पुन्हा भागायचे, ही आसन्नमुळाची रीत लीलावतीत आहेच. १० ला १०,००० ने गुणले की एक लाख; त्याचे मूळ ३१६ च्या थोडे पुढे; म्हणजे √१० सुमारे ३.१६. ग्रहणाचे गणित एवढ्यावर सहज चालते. करणीच्या गणितात मात्र आचार्य गरजेच्या फार पुढे गेले आहेत, आणि मला तरी ते निव्वळ हौसेने गेलेले दिसतात.

आता मूळ प्रश्नाकडे. √२ + √३ + √५ याचा वर्ग केला तर काय येते? प्रत्येकाचा वर्ग मिळून १०, आणि दोन-दोनांच्या गुणाकारांच्या दुपटी: २√६, २√१०, २√१५, म्हणजे √२४, √४०, √६०. एकूण १० + √२४ + √४० + √६०. हे उलट कसे सोडवायचे? वर्ग दिला तर मूळ कसे शोधायचे?

ब्रह्मगुप्ताची रीत अशी: रूपांचा वर्ग करा, १००. त्यातून इष्ट करण्या वजा करा. २४ आणि ४० घेतल्या तर ६४ गेले, ३६ उरले. त्याचे मूळ ६. ते रूपांत मिळवून आणि वजा करून अर्धे करा: १६ चे अर्धे ८, ४ चे अर्धे २. दोन ही मुळातली एक करणी मिळाली. आता आठाला रूपे समजा. आठाचा वर्ग ६४, त्यातून उरलेली करणी ६० वजा, ४. त्याचे मूळ २. ८ मध्ये मिळवून अर्धे ५, वजा करून अर्धे ३. झाली तीन करण्यांची सोय: २, ३, ५. रीत देखणी आहे, यात वाद नाही.

अडचण ‘इष्ट’ या सवलतीत होती. इष्ट म्हणजे तुम्हाला हवी ती. कोणत्या करण्या वजा करायच्या, किती करायच्या, याला बंधनच नाही. पाचशे वर्षे ती सवलत तशीच राहिली.

भास्कराचार्यांनी पहिला आक्षेप मोजणीचा घेतला. मुळात दोन करण्या असतील तर वर्गात एकच करणी येईल. तीन असतील तर तीन, चार असतील तर सहा, पाच असतील तर दहा, सहा असतील तर पंधरा. एकापासून पुढच्या संख्यांच्या बेरजाच या. म्हणून वर्गात तीन करण्या दिसल्या तर पहिल्या फेरीत दोनच वजा करायच्या, सहा दिसल्या तर तीन, दहा दिसल्या तर चार. मनाला येईल तेवढ्या वजा केल्या तर उत्तर खोटे.

आणि त्याला पुरावा म्हणून ते दात, सिद्ध, हत्तींचा प्रश्न पुढे करतात. १० रूपे आणि ३२, २४, ८ या करण्या. दोन-दोन वजा करून पाहा: १०० मधून ५६ गेले ४४, ४० गेले ६०, ३२ गेले ६८, एकालाही मूळ नाही. पण सवलतीचा फायदा घेऊन तिन्ही वजा केल्या तर? ६४ गेले, ३६ उरले, मूळ ६, आणि पुन्हा तेच ८ आणि २. म्हणजे उत्तर √२ + √८. वर्ग करून पाहा: २ आणि ८ मिळून १०, आणि दोनदा √१६ म्हणजे ८, एकूण १८. दिलेली राशी मात्र तेवीसच्या वर जाते. जुना नियम पाळून काढलेले हे उत्तर साफ कोसळते.

इथे थांबले असते तरी चालले असते. आचार्य थांबले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला: तिथी पंधरा, विश्वेदेव तेरा, अग्नी तीन, प्रत्येकाची चौपट, म्हणजे ६०, ५२ आणि १२, रूपे दहाच. आता मोजणीचा नियम पाळू या. तीन करण्या आहेत, दोन वजा करू: ५२ आणि १२ मिळून ६४. उरले ३६. मूळ ६. पुन्हा ८ आणि २. आठाचा वर्ग ६४, त्यातून ६० गेले ४. शेवटी २, ३, ५. म्हणजे उत्तर √२ + √३ + √५, जे दुसऱ्याच एका राशीचे मूळ असल्याचे आपण नुकतेच पाहिले.

उदाहरणे शेजारी-शेजारी ठेवली की आचार्यांचा कावा उघड होतो. खऱ्या राशीत २४ आणि ४० होते, बेरीज ६४. खोट्या राशीत त्यांनी १२ आणि ५२ ठेवले, बेरीज तीच. ६० ला हातही लावला नाही. रीतीला फक्त बेरीज दिसते, बेरजेतले भाग दिसत नाहीत, हे त्यांनी हेरले आणि नेमक्या त्या फटीत पाचर मारली. दात, सिद्ध, हत्ती यांचीही बेरीज ६४ च आहे.

आणखी एक गोष्ट मी आकडे मांडून पाहिली. दुसऱ्या खोट्या राशीची किंमत सुमारे २८.४२, तिचे मूळ सुमारे ५.३३. चुकीचे उत्तर √२ + √३ + √५ भरते सुमारे ५.३८. चूक शंभरात एकाहूनही कमी. ढोबळ पडताळा घेणाऱ्याच्या हातातून ती सहज निसटली असती. आसन्नमुळावर भागवणाऱ्या ज्योतिषाने हिला चूक म्हटलेही नसते.

यावर आचार्यांनी दुसरी कसोटी दिली. मिळालेल्या लहान करणीची चौपट घ्या, इथे २ ची चौपट ८. वजा केलेल्या प्रत्येक करणीला तिने निःशेष भाग गेला पाहिजे. २४ ला जातो, ४० ला जातो. १२ आणि ५२ ला जात नाही. खोटेपणा पकडला गेला.

तरीही एक पळवाट उरते, आणि तीही त्यांनी स्वतःच दाखवली. तिसरा प्रश्न: दहा रूपे, करण्या ८, ५६ आणि ६०. ८ आणि ५६ मिळून, अर्थात, ६४. मोजणी बरोबर. आठाने ८ ला भाग जातो, ५६ लाही जातो. पहिल्या दोन्ही कसोट्या पार. उत्तर पुन्हा २, ३, ५. पण भागाकार काय आले? १ आणि ७. खऱ्या राशीत २४ भागिले ८ म्हणजे ३ आणि ४० भागिले ८ म्हणजे ५, म्हणजे मुळातल्या उरलेल्या करण्याच मिळाल्या होत्या. इथे १ आणि ७ आले, आणि मुळात ३ आणि ५ आहेत. तेव्हा हेही खोटे. भागाकारात मुळातल्या करण्याच आल्या पाहिजेत, ही तिसरी कसोटी.

ज्यांनी या मुळाचा असा नियम बांधला नाही त्यांच्याकडे हा दोष जातो, असे आचार्य स्पष्ट लिहितात. नाव कोणाचे घेत नाहीत. ज्या राशीला करण्यांचे मूळ नाहीच, तिचे काय? तिथे प्रत्येक करणीचे आसन्नमूळ घ्या, रूपांत मिळवा, आणि जे येईल त्याचे मूळ सांगा. सरळ रूप नसेल तर नाही म्हणा आणि आकडा द्या. गणिताच्या पुस्तकात खोटी ठरणारी उदाहरणे मुद्दाम घालणारे लेखक आजही थोडे. आपल्या पाठ्यपुस्तकांत तर ‘सरळ रूप द्या’ म्हटले की ते निघणारच, अशी मुलांची खात्रीच झालेली असते.

हे गणित पुढे कोणी शिकले का, याचे उत्तर चाळीसगावजवळच्या पाटणला मिळते. आचार्यांचे गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड. ते नेमके कोणते यावर विद्वानांत जुना वाद आहे. पण नातवाचा पत्ता पक्का आहे. आचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या राजधानीत नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला शके ११२८ मध्ये, श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दान दिले. शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. शेवटी मात्र व्यवहाराची कलमे आली तशी भाषा जुन्या मराठीवर उतरते. बाजारातल्या मालावरचे हक्क, चालणाऱ्या घाण्यांमागे पळी-पळी तेल, अशी मठाची तजवीज त्यात आहे. करणीची तिसरी कसोटी घोकणाऱ्या मुलांच्या दिव्याला पाटणच्या तेल्यांनी तेल घातले, असे म्हणायला काही हरकत नाही.

मठाचे पुढे काय झाले ते बाजूला राहू दे. ग्रंथ गोदावरीकाठी आणि विदर्भात जिवंत राहिला. पार्थपूरच्या, म्हणजे परभणीकडच्या पाथरीच्या, ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ टीका लिहिली. पयोष्णीकाठच्या दधिग्रामातून काशीला गेलेल्या घराण्यातला कृष्ण दैवज्ञ याने १६०० च्या सुमारास ‘बीजपल्लव’ रचला. जहांगीरच्या दरबारी त्याला मान होता. आचार्य नियम देतात आणि पुढे जातात. कृष्ण दैवज्ञ नियमामागची उपपत्ती उलगडून दाखवतो. १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदीने बीजगणित फारसीत नेले आणि शाहजहानला अर्पण केले. त्याचे वडील उस्ताद अहमद लाहोरी; ताजमहालाचा स्थपती म्हणून त्यांचेच नाव घेतात. फारसीवरून एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये इंग्रजी केले. मग १८१७ मध्ये हेन्री टॉमस कोलब्रुक यांनी थेट संस्कृतावरून भाषांतर छापले, आणि सूर्यदास व कृष्ण यांच्या टीका तळटीपांत आणल्या.

तोवर युरोपाची स्वतःची चिन्हे रुळली होती. √ ची खूण क्रिस्टोफ रुडोल्फच्या १५२५ च्या पुस्तकात छापली गेली. १६३७ मध्ये देकार्तने मुळावर आडवी रेघ ओढली आणि घातांक अक्षराच्या खांद्यावर चढवला. रू १० क २४ क ४० क ६० असे लिहिण्याऐवजी आता एका रेघेखाली सगळे मावू लागले. आपल्याकडच्या शाळांत ही विद्या इंग्रजी पुस्तकांतून नव्या वेषात परत आली, आणि मराठी भाषांतरकारांनी तिला जुनेच नाव देऊन घरात घेतले. पाटणचा शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे आचार्यांच्या घराण्याची हकीकत छापील झाली.

या सगळ्या इमारतीची एक वीट मात्र कोणी तपासली नव्हती. महती-लघु असो, परिमेयीकरण असो, तिन्ही कसोट्या असोत, प्रत्येक ठिकाणी √२ × √३ = √६ हे गृहीत आहे. कारण विचारले तर आपण दोन्ही बाजूंचा वर्ग करून दाखवतो. पण तसे करताना अपरिमेय संख्यांचे गुणाकार कोणत्याही क्रमाने करता येतात, आणि मुळात असा गुणाकार म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, असे आधीच धरून चाललेले असतो. ब्रह्मगुप्ताने ते धरले, भास्कराचार्यांनी धरले, युरोपातल्या बीजगणितींनीही धरले. झुरिकला कलनशास्त्र शिकवताना रिखार्ड डेडेकिंडला हे टोचू लागले, आणि २४ नोव्हेंबर १८५८ ला त्याला वाट सापडली: सगळ्या परिमेय संख्यांचे दोन गट पाडायचे, एकातली प्रत्येक संख्या दुसऱ्यातल्या प्रत्येकीपेक्षा लहान, आणि तो छेद हीच अपरिमेय संख्या मानायची. मग बेरीज-गुणाकार छेदांवरच ठरवायचे. १८७२ मध्ये त्याने हे पुस्तिका म्हणून छापले, आणि त्यात सांगितले की √२ × √३ = √६ यासारखी विधाने, आपल्या माहितीप्रमाणे, आजवर कोणी सिद्ध केलेलीच नाहीत.